आंबोलीच्या वाटेवरची अळंबी: कोणती, आणि खायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुलैमध्ये एक कुटुंब आंबोलीला गेलं. पावसाच्या उघडिपीत जंगलवाटेनं फिरताना त्यांना सहा प्रकारची भूछत्रं दिसली. मोबाईलवर काढलेले सहा फोटो पाठवून त्यांनी विचारलंय, की ही कोणती, यातली खाण्याजोगी कोणती, आणि पुढच्या वेळी स्वतः ओळखायची तर सुरुवात कुठून करायची. सोबत आलेल्या आत्यांनी यातल्या दोन प्रकारांना "ही तर आमच्या गावची अळंबी" म्हणून सांगितलं आणि पिशवीभर खुडून खोलीवर आणलीसुद्धा. मग कोणाला तरी शंका आली, म्हणून ती अजून कच्चीच पडून आहेत.

पिशवीपासूनच सुरुवात करते. ती शिजवू नका. दोन वेगळ्या जागांची अळंबी तिच्यात एकत्र झाली आहेत, दांडे मधेच तुटलेत आणि बुंधा जमिनीत राहिलाय. ज्या खुणांवर ओळख ठरते, त्या खुणाच पिशवीत आलेल्या नाहीत. आत्यांना राग येईल, पण आता त्यांच्या गावची सगळ्यांत जाणती बाई बोलावली तरी तीही त्या पिशवीवरून ठामपणे काही सांगणार नाही. हात लावला म्हणून घाबरू नका. भूछत्राचं विष पोटात गेल्याशिवाय बाधत नाही. हात धुवा, एवढं पुरे.

आता फोटो. पहिल्या चारांची ओळख सोपी आहे, कारण ती चारही लाकडावर उगवलेली आहेत आणि त्यांचं रूप दुसऱ्या कशाशी फारसं मिसळत नाही. पडलेल्या काटकीवरची पातळ तपकिरी चकती, तिच्यावर एकात एक गोल पट्टे आणि खाली पिवळसर पाय, हे मायक्रोपोरस झँथोपस. सह्याद्रीत पावसाळ्यात ते हमखास भेटतं. त्याच्या खालच्या बाजूला इतकी बारीक छिद्रं असतात, की भिंगाशिवाय ती बाजू गुळगुळीत वाटते. चामड्यासारखं चिवट, त्यामुळे खायचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या फोटोतल्या नारिंगी, ओलसर, चपट्या जिभा म्हणजे डॅक्रिओपिनॅक्स स्पॅथुलारिया. हे जंगलातल्या ओंडक्यावर उगवतं तसंच बागेतल्या जुन्या बाकड्याच्या फटीतही उगवतं. तिसऱ्यातले पांढरे केसाळ पंखे म्हणजे शायझोफायलम कम्यून. ते पुन्हा दिसले तर उलटे करून पाहा. टोपीखालच्या उभ्या पात्या, ज्यांना आम्ही कल्ले म्हणतो, त्यांची कड लांबीत चिरलेली दिसेल. हवा कोरडी झाली की त्या चिरा आत वळून मिटतात आणि सर आली की पुन्हा उघडतात. मणिपुरात हेच 'कांगलायेन' या नावानं आवडीनं खातात. चौथा गुलाबी पेला, कडेला केसांची झालर आणि आत साठलेलं पावसाचं पाणी, हा कूकाइना. फोटो छान आलाय.

खरा मुद्दा पाचव्या आणि सहाव्या फोटोचा. आत्यांनी खुडलेली हीच दोन.

पाचवं अळंबं तुम्हाला जंगलात दिसलंच नाही. मागे कापलेलं गवत आणि फरशीची कड दिसतेय, म्हणजे हॉटेलच्या हिरवळीवरचं आहे. टोपी बशीएवढी पसरलेली, पांढरी, मधोमध तपकिरी खपल्या, दांड्यावर कडं. फोटो वरून घेतलाय, त्यामुळे कल्ले दिसत नाहीत आणि शंभर टक्के खात्रीनं बोलता येणार नाही. तरी माझा अंदाज जवळजवळ पक्का आहे, की हे क्लोरोफायलम मोलिब्डायटिस असावं. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांची हिरवळ, शाळेचं मैदान, बंगल्याची बाग, जिथे गवत आणि कुजणारा पालापाचोळा असतो तिथे पहिल्या मोठ्या पावसानंतर हे उगवतं. कधीकधी मोठं गोल रिंगण करूनही उगवतं. दिसायला देखणं, मांसल, वासालाही वाईट नाही. उष्ण प्रदेशात लोक चुकून खातात आणि आजारी पडतात त्यात या जातीचा वाटा फार मोठा आहे. खाल्ल्यावर साधारण एक ते तीन तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब सुरू होतात, कधी रक्तही पडतं. धडधाकट माणूस बहुतेक वेळा सलाइनवर सावरतो. लहान मूल किंवा वयस्कर माणूस मात्र अंगातलं पाणी कमी होऊन गंभीर होऊ शकतं.

याची एक खूण मात्र फार कमी भूछत्रांत सापडते: याच्या बीजाणूंचा रंग हिरवट असतो. कल्ले कोवळेपणी पांढरेशुभ्र असतात आणि बीजाणू पिकले की हळूहळू राखाडी-हिरवे होतात. लोक फसतात ते याच पांढऱ्या अवस्थेत. कोवळं, नुकतं उमललेलं, लुसलुशीत, म्हणून ते आधी खुडलं जातं, आणि नेमकी तेव्हाच खूण उमटलेली नसते.

सहाव्या फोटोत बांधाच्या उतारावर, तांबड्या मातीतून वर आलेली सात-आठ अळंबी आहेत. टोपी करडी-पांढरी, मध्यावर टोकदार उंचवटा, कड थोडी फाटलेली. आत्या म्हणतात ती हीच असण्याची शक्यता बरीच आहे. कोकणात नुसतं 'अळंबी' म्हटलं की बहुतेकांच्या मनात हीच येतात, गोव्यात यांना रोयणीची अळमी म्हणतात, विदर्भात सात्या. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसेस, म्हणजे वाळवीच्या घरची बुरशी. पण "शक्यता बरीच आहे" या वाक्यावर जेवण करायचं नसतं. फोटोत बुंधा नाही, आणि या कुळाची ओळख बुंध्यातच असते.

हे जरा सविस्तर सांगते, कारण एवढं एक कुळ नीट कळलं तर आपल्या भागातली निम्मी लढाई जिंकली. आपल्याकडच्या काही वाळव्या लाकूड-पाचोळा थेट पचवू शकत नाहीत. त्या तो चावून वारुळात आणतात आणि त्यावर बुरशी वाढवतात. ही अक्षरशः शेती आहे. वारुळाच्या पोटात स्पंजासारखे, सुरकुत्यांचे, तपकिरी गोळे असतात, त्यांवर बुरशीचे पांढरे मणी येतात. बुरशी लाकडातला कठीण भाग मोडून देते आणि वाळवी ते मणी व जुना गोळा खाते. ही भागीदारी काही कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली असं अभ्यासक मानतात. पाऊस जमिनीत पुरेसा मुरला की या गोळ्यांतून बुरशीचा कोंब वर निघतो, माती भेदत येतो आणि बाहेर छत्री उघडतो. टोपीच्या मध्यावरचं ते टोक कठीण असतं ते यासाठीच, त्याच्याच जोरावर तो माती फोडतो.

म्हणून या अळंब्याचा दांडा जमिनीच्या पातळीला संपत नाही. तो खाली मुळासारखा निमुळता होत जातो, कधी वीतभर, कधी हातभर, आणि थेट वाळवीच्या गोळ्याला जाऊन भिडतो. लाकडी काटकीनं किंवा खुरप्यानं बाजूची माती हळूहळू सारत गेलात तर हे 'मूळ' सलग हाती लागतं. बुंध्याला वेढणारी पातळ कातडीची पिशवी किंवा पेला नसतो. कल्ले दांड्याला चिकटलेले नसतात, मधे बारीकशी फट राहते. कल्ल्यांचा रंग पांढऱ्याकडून फिकट गुलाबीकडे जातो आणि बीजाणूंचा ठसा, म्हणजे टोपी कागदावर ठेवली की खाली पडणारी भुकटी, गुलाबीसर येतो. दांडा भरीव असतो आणि उभा चिरला तर शिजलेल्या कोंबडीच्या मांसासारखे धागे सुटतात. या सगळ्या खुणा एकाच अळंब्यात, एकाच वेळी जमल्या पाहिजेत. एखादी जुळत नसेल तर ते अळंबं जागीच सोडायचं. तिथे चर्चा नको.

यातल्या एकेकट्या खुणेवर भरवसा का ठेवायचा नाही, तेही पाहा. गुलाबी ठसा एंटोलोमा कुळाचाही येतो, आणि त्यात पोटाला त्रास देणाऱ्या जाती आहेत. फरक असा, की एंटोलोमाचे कल्ले दांड्याला चिकटलेले असतात आणि खाली लांब मूळ नसतं. वारुळावर उगवलं म्हणजे चांगलं, हाही समज फसवा. वाळवीनं वारूळ सोडलं की त्याच गोळ्यांतून झायलेरिया कुळातल्या काळ्या काड्या वर येतात. कोरड्या मुलखात वारुळावर पोडॅक्सिस हे लांबट, कापसाच्या बोंडासारखं भूछत्र दिसतं. उलट, पुष्कळदा खरी अळंबी जिथे उगवतात तिथे वर वारुळाचा उंचवटाच नसतो. वाळवीचं घर पूर्ण जमिनीखाली असतं आणि वर फक्त बांध किंवा सपाट माळ दिसतो. आणखी एक, टर्मिटोमायसेसमधलीच मायक्रोकार्पस ही जात अगदी चिमुकली, शेकड्यांनी एकदम उगवणारी असते. वाळवीनं बाहेर काढून टाकलेल्या गोळ्याच्या तुकड्यांवर ती येते, म्हणून तिला ते लांब मूळ नसतं. जाणत्या बायका तीही वेचतात. तुम्ही पहिली काही वर्षं तिच्या वाटेला जाऊ नका.

वारुळाच्या भोकात मात्र हात घालू नका. नाग, घोणस तिथे आश्रयाला असतात, आणि अळंबीचा हंगाम हाच त्यांच्या वावराचाही काळ.

आता पुढच्या वेळी काय करायचं ते. भूछत्र दिसलं की लगेच खुडू नका. आधी ते कशावर उभं आहे ते बघा: मातीवर, लाकडावर, शेणावर, पाचोळ्यावर की वाळवीच्या घरावर. मातीवर वाटलं तरी बोटानं थोडं उकरून बघा, खाली गाडलेली काटकी किंवा मूळ निघतं. मग आजूबाजूची झाडं टिपून घ्या. नवख्यांना हे उगीचचं वाटतं, पण बऱ्याच बुरश्या ठराविक झाडांच्या मुळांशी सख्य जोडून जगतात आणि त्या झाडापाशीच उगवतात. कोकणात जांभ्याच्या उघड्या माळावर लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीखाली किंवा किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात जमिनीतून बटाट्यासारखे कठीण गोळे वर येतात, ते याच प्रकारातले स्क्लेरोडर्मा आणि पिसोलिथस. छत्तीसगडच्या सालवनातला 'बोडा' मात्र वेगळा, तोही सालाच्या मुळांशी जोडलेला आणि बाजारात चढ्या भावानं विकला जाणारा. बस्तरला बोडा खाल्लेला माणूस कोकणात येऊन बाभळीखालचा स्क्लेरोडर्मा कापायला बसला तर आत जांभळट-काळा गर निघेल, आणि तो खाल्ला तर पोट बिघडेल.

कापण्यावरून आठवलं. गोल, अंड्यासारखं काहीही मिळालं तर उभं मधोमध चिरून पाहायचं. आत एकसारखा पांढरा गर असेल तर तो कोवळा पफबॉल, म्हणजे टोपी-दांडा नसलेली चेंडूसारखी बुरशी, असू शकतो. आत टोपी, कल्ले आणि दांड्याची पुसट आकृती दिसली तर ते न उमललेलं भूछत्र आहे, आणि ते अमानिता या मारक कुळातलं असू शकतं. डिंकासारखा थर लागला तर जाळीचा घागरा घालून उभं राहणारं, सडक्या वासाचं फॅलस. त्याच्या वासावर माश्या येतात आणि बीजाणू वाहून नेतात. देखणं असतं, पण तंबूत ठेवू नका, रात्रभर झोप येणार नाही.

मग ते भूछत्र मुळापासून, बुंध्यासकट, माती सारून काढायचं. हा नियम मी कोणालाही सूट न देता पाळायला लावते. बुंध्याशी पिशवी आहे का, दांड्यावर कडं आहे का, बुंधा फुगीर आहे का, चिरल्यावर रंग बदलतो का, वास कसा आहे, कल्ले दांड्याला चिकटलेत की सुटे आहेत, हे जागेवरच वहीत लिहा. घरी आल्यावर तासाभरात अर्धं विसरलेलं असतं. फोटो निदान चार हवेत: वरून, बाजूनं, खालून कल्ल्यांचा, आणि उपटलेल्या बुंध्याचा. बाजूला रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. प्रत्येक प्रकार वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ती घामेजतात आणि संध्याकाळपर्यंत चिखल होतो.

बीजाणूंचा ठसा घरी सहज घेता येतो. दांडा टोपीलगत कापा, टोपी कल्ले खाली करून कागदावर ठेवा. कागद अर्धा पांढरा अर्धा काळा असावा, नाहीतर पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसणारच नाही. वर काचेचा वाडगा पालथा घाला आणि रात्रभर ठेवा. सकाळी टोपी उचलली की खाली भुकटीची चक्राकार नक्षी उमटलेली असते. तिचा रंग कल्ल्यांच्या रंगाहून वेगळा असू शकतो, म्हणूनच तो स्वतंत्र पाहायचा. तुमच्या पिशवीत हिरवळीवरची एखादी पूर्ण उमललेली टोपी शिल्लक असेल तर आज रात्रीच करून बघा. हिरवट भुकटी पडली की पाचव्या फोटोचा निकाल लागला.

प्रश्नात एक वाक्य असं होतं, की "गावात चांदीचा रुपया टाकून तपासतात, तो काळा पडला नाही तर चांगलं." अशा चाचण्या गावोगावी ऐकू येतात, आणि एकही खरी नाही. चांदी काळी पडते ती गंधकामुळे, तिचा या विषाशी संबंध नाही. लसूण घालून शिजवणं, मीठ-हळदीच्या पाण्यात उकळणं, तांदूळ लाल होतो का पाहणं, कशानंही विष कळत नाही. किड्यानं किंवा गोगलगायीनं कुरतडलंय म्हणजे आपल्याला चालेल, हेही चूक. गोगलगायी आपल्याला मारक असलेली भूछत्रं खुशाल खातात. रंगीत ते विषारी आणि पांढरं ते चांगलं हा समज तर मला सर्वांत घातक वाटतो, कारण जगातल्या सर्वांत मारक भूछत्रांपैकी काही दुधासारखी पांढरी आहेत.

ती म्हणजे अमानिता कुळातली. कल्ले पांढरे, ठसा पांढरा, दांड्यावर कडं, आणि बुंध्याशी मातीत दडलेली पातळ पिशवी. दांडा जमिनीलगत खुडला की पिशवी मातीत राहते आणि टोपीवर तर तसं काही लिहिलेलं नसतं. या कुळातल्या बहुतेक जाती ठराविक झाडांच्या मुळांशी जोडलेल्या असतात. साल, पाइन, ओक यांच्या जंगलांत, म्हणजे हिमालयात आणि ईशान्येत, त्या जास्त दिसतात. आपल्याकडेही हे कुळ आढळतं, म्हणून 'इथे नसतंच' असं म्हणायची सोय नाही. लेपिओटा कुळातल्या काही लहान जातींत आणि लाकडावर उगवणाऱ्या गॅलेरिनात हेच विष असतं. त्याचं नाव अमाटॉक्सिन. शिजवून, वाळवून, गोठवून ते मोडत नाही. पेशीत प्रथिनं बनवण्याचा निरोप तयार करणारं यंत्रच ते अडवतं आणि पहिला घाव यकृतावर पडतो.

या विषाचा सर्वांत फसवा भाग वेळेचा आहे. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक, काहीही होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात. दुसऱ्या दिवशी बरं वाटू लागतं, माणूस चहा-बिस्किट मागतो, घरचे निश्चिंत होतात. यकृत आतून निकामी होत असतं ते याच काळात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते, तोवर फार उशीर झालेला असतो. एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात, मुख्यतः चहामळ्यांच्या वस्त्यांत, रानातली भूछत्रं खाऊन १३ जण दगावले. ती माणसं रानाला परकी नव्हती. त्यांना अळंबी वेचायची सवय होती.

म्हणून उलटी लवकर झाली की उशिरा, हा डॉक्टरांच्या दृष्टीनं पहिला प्रश्न असतो. तासा-दोन तासांत त्रास सुरू झाला तर बहुधा पोटापुरतं असतं. सहा तासांनंतर सुरू झाला तर यकृताची भीती धरूनच चालावं. मात्र लवकर त्रास झाला म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण मिश्र पिशवीत दोन्ही प्रकार असू शकतात. घाम, लाळ आणि डोळ्यांतून पाणी एकदम वाहू लागलं तर ते वेगळं विष, मस्करीन, आणि त्यावर ॲट्रोपिन चालतं. अमाटॉक्सिनवर मात्र खात्रीचा उतारा नाही. सलाइन, सिलिबिनिन, एन-ॲसिटिलसिस्टीन देतात, आणि काहींना यकृतच बदलावं लागतं. घरी ताक, लिंबूपाणी पाजत बसू नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि उरलेली भाजी, निवडताना टाकलेले देठ, हाताशी असेल ते सगळं सोबत न्या. ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना न्या, ज्यांना काही होत नाहीये त्यांनाही.

शेणावरच्या भूछत्रांबद्दल कोणीतरी विचारेलच, म्हणून सांगून टाकते. गुराच्या शेणावर उगवणारी, दाबल्यावर निळी पडणारी सायलोसायबी आपल्याकडे असतात. त्यांतला सायलोसायबिन हा घटक १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली येतो. त्यापलीकडे मला त्यात बोलायचं नाही.

परदेशात असलेल्या मराठी मंडळींना मात्र दोन शब्द जास्त सांगते, कारण प्रश्न विचारणाऱ्यांचा भाऊ कॅलिफोर्नियात असतो आणि तिथल्या टेकड्यांवर फिरायला जातो असं त्यांनी लिहिलंय. वाळवीच्या घरची अळंबी फक्त आफ्रिका आणि आशियाच्या उष्ण भागात उगवतात. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियात ती शेती करणारी वाळवीच नाही. म्हणजे तिथे दिसलेलं 'आपल्या गावचं अळंबं' आपल्या गावचं असणं शक्यच नाही. कॅलिफोर्नियात ओकच्या झाडांखाली हिवाळी पावसानंतर उगवतं ते अमानिता फॅलॉइडिस, युरोपातून झाडांच्या मुळांसोबत गेलेलं. आशियातून गेलेले लोक तिथे वर्षानुवर्षं फसत आलेत, कारण आपल्या भाताच्या पेंढ्यावर वाढणाऱ्या व्होल्व्हारिएलासारखं ते दिसतं. दोघांनाही बुंध्याशी पिशवी, दोघांचेही कोवळे कल्ले पांढरे. व्होल्व्हारिएलाला दांड्यावर कडं नसतं आणि ठसा गुलाबी येतो. अमानिताला कडं असतं, ठसा पांढरा. पण कडं गळून जाऊ शकतं आणि कोवळ्या टोपीचा ठसा पडत नाही. तिथे राहणाऱ्यानं दुकानातली घ्यावीत.

मोबाईलवरच्या ओळखणाऱ्या ॲपचं काय, असंही विचारलंय. ती मी स्वतः वापरते. आयनॅचरलिस्टवर फोटो टाकला तर कुळाचा अंदाज मिळतो आणि पुढे जाणकार माणसं दुरुस्त्या करतात, त्यातून शिकायला पुष्कळ मिळतं. पण ॲप फोटोतल्या टोपीवर बोलतं. मातीतली पिशवी, ठशाचा रंग, चिरल्यावरचा वास त्याला दिसत नाही. त्यात आपल्या सह्याद्रीतल्या अनेक जातींचं अजून नीट वर्णनच झालेलं नाही, त्यामुळे ते युरोपातलं जवळचं नाव चिकटवून मोकळं होतं. नाव शोधायला वापरा, खायचं ठरवायला नको.

मग खाणाऱ्यांनी काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे. पुस्तक वाचून किंवा माझं हे उत्तर वाचून कोणीही रानातलं अळंबं खाऊ नये. खायचंच असेल तर आत्यांच्या गावात जी बाई दर श्रावणात त्याच बांधावरून तीच अळंबी काढते, तिच्यासोबत दोन-तीन पावसाळे जा, तिच्या हातून शिका, आणि त्या एकाच प्रकारावर थांबा. गावचं ज्ञान पक्कं असतं ते त्या बांधापुरतं आणि त्या एका अळंब्यापुरतं. आत्यांचं ज्ञान मी कमी लेखत नाही, पण ते हॉटेलच्या हिरवळीवर लागू होत नाही. ओळखीचं निघालं तरी ताजं, न सडलेलं, पूर्ण शिजवून, पहिल्यांदा थोडंसंच खा. एक-दोन न शिजवता फ्रिजमध्ये बाजूला ठेवा. त्रास झालाच तर डॉक्टरांना दाखवायला तेच उपयोगी पडतं.

काढतानाही थोडं भान हवं. गोव्यात पावसाळ्यात रस्त्याकडेला अळमी नगावर विकतात आणि भाव इतका चढतो, की न उघडलेले कळेच ओरबाडले जातात. छत्री उघडल्याशिवाय बीजाणू सुटत नाहीत, आणि नव्या वारुळांत ही बुरशी पोचते ती बऱ्याचदा बाहेरून वाळवीनं आणलेल्या बीजाणूंतून. काही छत्र्या उघड्या सोडाव्यात, वारूळ फोडू नये. अभयारण्यातून तर काहीच उचलता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला मनाई आहे. इतर वनहद्दीतही आधी चौकशी करा. आदिवासी आणि परंपरेनं वनात राहणाऱ्यांना २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर हक्क दिलाय. सहलीला आलेल्या आपल्याला तो नाही.

नुसतं ओळखण्यातच रस असेल, आणि फोटो पाहून मला तसं वाटतंय, तर एकेक नमुना वाळवून ठेवायला लागा. पातळ काप करून पंख्याखाली किंवा मंद उष्णतेवर कडक वाळवा, भाजू नका. कागदी पाकिटात घालून वर तारीख, जागा, कशावर उगवलं, जवळची झाडं, ताजेपणीचा रंग, वास आणि ठशाचा रंग लिहा. ठशाचा कागदही त्याच पाकिटात घाला. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा मोठा संग्रह आहे, आणि अभ्यासकाला तुमचा सुंदर फोटो नव्हे तर असं नीट टिपणासह वाळलेलं पाकीट हवं असतं. सहाव्या फोटोतल्या बांधावर परत जाता आलं तर एकच अळंबं मुळासकट काढा, खालपर्यंत गेलेल्या त्या मुळाचा नाणं ठेवून फोटो घ्या, रात्री ठसा घ्या आणि दोन्ही पाठवा. मग जातीपर्यंत पोचायचा प्रयत्न करू.